साणं

अवधानच्या फाट्यावर मे महिन्यात
दुपारी पत्र्याला हात लावतो तो एकतर नवा असतो
नाहीतर प्यालेला.
मी पहाटे चारला शिडी लावली.

मौत का कुआँवाल्या जुबेदामावशीची ही गाडी,
ट्रकमागे ओढायची, एक झोपायची खोली तेवढी.
यात्रा संपल्या की दोन महिने माझ्या गॅरेजमागे,
बाभळीच्या नावापुरत्या सावलीत.
टपावर मधोमध चौकोनी भोक, हवेला, उजेडाला.
कंपनीच्या कागदांत त्याला काही वेगळं नाव असेल.
आमच्या धाब्याच्या घरांत साणं म्हणतात,
मीही साणंच म्हणतो.

त्याचं फायबरचं झाकण
जुन्या दातासारखं पिवळं.
हात फिरवला की काचेचे केस तळव्यात.
कडेला डांबर, डांबरावर एम-सील,
एम-सीलवर कुठल्याशा निवडणुकीचा फ्लेक्स,
त्यावर एक मिशीवाला हसतोय, अर्धाच,
अर्धा वाऱ्यानं नेला.
सोळा स्क्रू. नऊ निघाले.
सातांना छिन्नी.

खाली आणून धुतलं
तेव्हा दिसल्या त्या रेघा,
खिळ्यानं ओढलेल्या, उभ्या, एकमेकींना चिकटून.
सव्वीस मोजल्या. मग दोन बोटं कोरी जागा.
मग पुन्हा चार.

मी पुट्टीचा डबा उघडला.
साच्याला काय कळतं,
तडा काय, अक्षर काय, तो सगळंच उचलतो.
म्हणून आधी बुजवायचं, घासायचं, मेण लावायचं,
हे मला सुपडू मिस्तरीनं शिकवलं
कानाखाली देऊन.

मावशी चहा घेऊन आली. बशी वाटेत थांबली.
“नको बुजू भाऊ. मन्ह्या शेतस त्या रेघा.”

दर साली सारंगखेड्याला गाडी लागली
की पहिल्या रात्री ती टपावर चढते, एक ओढते.
थंडीत, शाल गुंडाळून.
सकाळी गादीवर पडून वर बघितलं
तर उजेडात दिसतात म्हणाली, सगळ्या.

“आणि ही मोकळी जागा?”
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसा मी ती दोन वर्षं ह्या गावात नव्हतोच.
यात्रा भरल्या नव्हत्या.
विहिरीच्या फळ्या गोणपाटाखाली,
तीनातल्या दोन मोटारसायकली विकलेल्या.
मीही कूलरच्या रिकाम्या पेट्या एकावर एक रचून
त्यांच्याकडे बघत बसायचो,
कुणी विचारायला येईल म्हणून.

तडे बुजवले. कोपऱ्यातलं भोक बुजवलं.
रेघांपाशी आलो की पॉलिश कागद
हातातून खाली ठेवायचो.
दोन बोटांच्या कोऱ्या जागेलाही
तसंच सोडलं, जसं होतं तसं कोरं.

ह्या उन्हात रेझिनला धीर नसतो.
हार्डनर निम्मा घातला, तरी वाटीत
गुळाचा पाक व्हायच्या आत पळापळ.
मॅट दाबायची, बुडबुडा मारायचा,
घाम आत पडू द्यायचा नाही.
साचा दुसऱ्या दिवशी सुटला,
झाकण चौथ्या.
दुधी रंग, हाताला गार,
आणि खिळा न लागता
तीस रेघा.

बसवलं. खाली रबराची पट्टी,
स्टीलचे स्क्रू, सोळाच्या सोळा.
मावशी आत गेली, दार ओढून घेतलं.
मी स्टेपनीवर बसून कोपरापर्यंत खाजवत राहिलो.
फायबरची खाज साबणाला ऐकत नाही,
खोबरेल लावा, गार पाणी घ्या,
ती आपल्या वेळेनं जाते.
हायवेवरून किती ट्रक गेले कोण जाणे.

बाहेर आली. डोळ्यांवर पदर ओढून घेतला,
उन्हासाठी असेल.
पैसे मोजून दिले. पन्नास कमी.
“पन्नास कमी आहेत, मावशी.”
“नवं सांगेल व्हतं तुले. हाई तं तीस जागे खरबडेल शे.”

हसली नाही.
मीही नोटा पुन्हा मोजल्या नाहीत.